सोसायटीचा हॉल, गणपती, इफ्तार आणि धर्मस्वातंत्र्य

घोडबंदरी | सोम, रात्री १०.४०
राम राम मंडळी. यंदा सोसायटीचा सेक्रेटरी झालोय (दुसरं कोणी तयार नव्हतं म्हणून) आणि पहिल्याच वर्षी असा पेच आलाय की कमिटीतले सगळे एकमेकांच्या तोंडाकडे बघतायत.

ठाण्यातली चार विंगची सोसायटी. क्लब हाऊसच्या खाली एक हॉल आहे. त्यात दरवर्षी पाच दिवस गणपती, नवरात्रात गरबा, श्रावणात सत्यनारायण, पर्युषणात जैन शेजाऱ्यांचं प्रवचन. आजवर कोणी लेखी अर्ज केला नाही की भाडं भरलं नाही. "हॉल रिकामा आहे का?" "आहे." संपला विषय. आता बी विंगमधल्या एका मुस्लिम कुटुंबाने रमजानमधल्या एका रविवारी इफ्तारसाठी हॉल मागितलाय. रीतसर अर्ज करून, भाडं भरायच्या तयारीने. त्यावर ग्रुपवर जे सुरू झालं ते इथे लिहीत नाही, तुमच्याही ग्रुपवर तेच झालं असतं.

एक गट म्हणतो, देऊन टाका, आपण सहिष्णू लोक. दुसरा म्हणतो, एकदा दिला की दर शुक्रवारी मागतील. तिसरा म्हणतो, सगळ्यांचंच बंद करा. मला पडलेला प्रश्न असा की हॉल देणं ही आमची मेहरबानी की त्यांचा हक्क? मेहरबानी असेल तर पुढची कमिटी ती काढूनही घेऊ शकते. मग त्याला धर्मस्वातंत्र्य म्हणायचं का? जाणकारांनी प्रकाश टाकावा.

सदू_कोकणे | सोम, रात्री १०.५२
अर्ज मंजूर. अट एकच, सेक्रेटरीच्या ऑनलाइन मित्रांनाही आमंत्रण हवं. खजूर मी आणतो.

दगडफोड्या | सोम, रात्री ११.०५
तिसऱ्या गटात मला घाला. हॉल टेबल टेनिससाठी बांधलाय ना? मग टेबल टेनिस खेळा. आमच्या सोसायटीत मेंटेनन्सच्या बिलात 'सांस्कृतिक' नावाची एक ओळ असते. त्यातून मूर्ती, मांडव आणि ढोल-ताशा. मी देव मानत नाही, तरी माझ्या खिशातून मोदक. विचारलं तर उत्तर, "अहो, पाचशे रुपयांसाठी काय एवढं?" पाचशेचा प्रश्नच नाहीये. न मानण्याचं स्वातंत्र्य या देशात कोणाच्या खिजगणतीत नाही, एवढंच.

काळी_मैना | सोम, रात्री ११.२०
दगडफोड्या, पूर्ण असहमत. आमच्याकडे गणपती बसला नसता तर समोरच्या फ्लॅटमध्ये कोण राहतं हे मला कळलंही नसतं. पोरं नाटक बसवतात, आज्या पाककलेत भांडतात. हे धर्माचं नाही, संस्कृतीचं आहे. सगळं बंद केलं की हॉलमध्ये काय उरेल? तुटकी जाळी आणि सेक्रेटरीची खुर्ची. समता हवी तर वाढवून आणा, काढून कशाला?

बाकी मोदक खाता की नाही ते सांगा आधी.

दगडफोड्या | सोम, रात्री ११.२४
खातो. पैसे भरलेत.

अॅड_आजी | मंगळ, सकाळी ६.३५
कायद्याचं विचारलंय म्हणून लिहिते. जरा लांबेल.

घटनेचं कलम २५ सगळ्यांच्या तोंडी असतं, पण त्याची सुरुवात कोणी वाचत नाही. सार्वजनिक सुव्यवस्था, नीतिमत्ता, आरोग्य आणि मूलभूत हक्कांच्या इतर तरतुदी यांच्या अधीन राहून सर्व व्यक्तींना सद्सद्विवेकबुद्धीचं स्वातंत्र्य आणि धर्म मानण्याचा, आचरण्याचा व त्याचा प्रसार करण्याचा हक्क. यात आधी येतं ते विवेकाचं स्वातंत्र्य, धर्म त्यानंतर. दगडफोड्यांचं न मानणं त्या पहिल्या शब्दांतच बसतं. कलम २७ सांगतं की एखाद्या विशिष्ट धर्माच्या संवर्धनासाठी खर्च व्हायचा कर भरायची सक्ती कोणावर करता येणार नाही. ते सरकारी करांपुरतं आहे, मेंटेनन्सला लागू नाही. पण वर्गणी आणि मेंटेनन्स वेगळे ठेवावेत एवढं शहाणपण त्यातून घ्यायला हरकत नाही.

आता अडचण. हे हक्क मुख्यतः सरकारविरुद्ध वापरायचे. तुमची सोसायटी म्हणजे सरकार नव्हे. कलम १५(२) खाजगी माणसांनाही बांधतं, पण ते दुकानं, सार्वजनिक उपाहारगृहं, हॉटेलं, विहिरी, तलाव, घाट, रस्ते अशा जागांबद्दल. सोसायटीचा हॉल त्यात ओढून आणणं कठीण. उलट २००५ मध्ये अहमदाबादच्या एका पारशी गृहनिर्माण संस्थेच्या खटल्यात सुप्रीम कोर्टाने सभासदत्व पारशांपुरतं ठेवणारा उपविधी (संस्थेचा लेखी नियम) वैध ठरवला होता.

मग हक्क नाहीच का? तर तुमची संस्था एका समाजासाठी काढलेली नाही. हॉलची पुट्टी, वीज, झाडलोट सगळ्यांच्या मेंटेनन्समधून होते. चार जणांना फुकट आणि पाचव्याला नकार असा ठराव केलात तर तो सहकार खात्याच्या उपनिबंधकांसमोर टिकवताना घाम फुटेल. आज तुमच्याकडे नियमच नाही आणि खरा घोळ तिथेच आहे. नियम नसतो तिथे बहुसंख्यांची सवय हाच नियम होऊन बसतो.

सदू_कोकणे | मंगळ, सकाळी ८.१०
आजींना दंडवत. सकाळी साडेसहाला माझ्या हातून चहासुद्धा नीट होत नाही.

बाणेदार | मंगळ, सकाळी ९.४५
शेवटचं वाक्य टाळ्या घेणारं आहे, पण प्रत्येक वेळी सहिष्णुतेची परीक्षा बहुसंख्यांनीच का द्यायची? शिर्डी आणि सिद्धिविनायकाच्या विश्वस्त मंडळावर कोण बसणार हे राज्य सरकार ठरवतं. देवळाच्या दानपेटीवर सरकारचा डोळा, आणि धर्मस्वातंत्र्याचे धडे आम्हाला. दुसरं, इफ्तारला हॉल द्या, माझी ना नाही. पण तिथे नमाज होणार की नाही ते स्पष्ट लिहून घ्या. आज जेवण, उद्या प्रार्थनास्थळ असं नको.

अॅड_आजी | मंगळ, सकाळी १०.३०
बाणेदार, मंदिरांच्या कारभाराबद्दलचं तुमचं म्हणणं अगदीच वावगं नाही. सिद्धिविनायकाचा कायदा १९८० चा, शिर्डीचा २००४ चा, दोन्हींत नेमणुका सरकारच्या हाती. घटना धर्माशी निगडित आर्थिक व्यवहारावर सरकारला नियंत्रण ठेवू देते, पण नेमणुकांमध्ये राजकारण्यांची सोय होते ही तक्रार रास्तच आहे. (वक्फ मंडळही सरकारी कायद्यानेच चालतं, हेही लक्षात असू द्या.) पण त्या तक्रारीची वसुली बी विंगच्या कुटुंबाकडून कशी करायची?

नमाजबद्दल: इफ्तार म्हणजे सूर्यास्ताला रोजा सोडणं, त्याला लागून मगरिबची नमाज असते. दहा मिनिटं. सत्यनारायणाच्या कथेत आरती होते की नाही हे आपण लिहून घेतो का?

नाझ_मिरजकर | मंगळ, दुपारी १.१५
बरेच दिवस वाचनमात्र होते. आज लिहिते.

मिरजेची आहे मी. मीरासाहेबांच्या उरुसात मानाचा गलेफ (कबरीवर चढवायची चादर) चर्मकार समाजाचा असतो. अब्दुल करीम खाँसाहेबांच्या स्मरणार्थ त्याच दर्ग्यात गाणं होतं आणि ऐकायला सगळं गाव. त्यामुळे पुण्याला नोकरी लागल्यावर भाड्याने घर शोधणं एवढं अवघड जाईल असं वाटलं नव्हतं. फोनवर माझं मराठी ऐकून एजंट खूश. "मॅडम, दोन फ्लॅट आहेत, आजच दाखवतो. नाव सांगा." नाव सांगितलं की दोन सेकंद शांतता, मग "मालकांना विचारून कळवतो." एकाने बिचाऱ्याने सरळ सांगितलं, "ताई, मालक तयार आहेत, सोसायटी ऐकत नाही." दुसऱ्याने सुचवलं की करार मैत्रिणीच्या नावाने करा आणि दारावर पाटी लावू नका. त्याच्या मते तो मला मदतच करत होता.

शेवटी घर मिळालं. मालक कोकणस्थ ब्राह्मण, निवृत्त शिक्षक. कमिटीने त्यांना बोलावून घेतलं तेव्हा त्यांनी विचारलं, "कुठल्या उपविधीत लिहिलंय ते दाखवा." दाखवता येईना. विषय मिटला. ते माझ्याशी फार गोड बोलतात असंही नाही, पाणी वाया घालवलं की ओरडतात. पण मला तेच बरं वाटतं. मी भाडं भरते, ते घर देतात.

म्हणून घोडबंदरींना एवढंच सांगेन, त्या कुटुंबाने लेखी अर्ज का केला याचा विचार करा. बाकी कोणाला तो करावा लागला नव्हता.

कृष्णाकाठ | मंगळ, दुपारी २.००
नाझताई, वाचून वाईट वाटलं. पण आपल्या भागाचं नाव निघालं म्हणून सांगतो, शहरं अशी झालीत, गावं अजून तशी नाहीत. कुरुंदवाडला मशिदीत गणपती बसतो. गोटखिंडीतही तसंच. बकरी ईद आणि गणपती एकत्र आले तर कुर्बानी पुढे ढकलल्याच्या बातम्या येतात. कडेगावच्या मोहरमचे गगनचुंबी ताबूत बघायला या एकदा, बांधणाऱ्यांत आणि उचलणाऱ्यांत कोण हिंदू, कोण मुसलमान ओळखून दाखवा. आमच्या आजीने माझ्या बापासाठी मोहरमच्या पंजाला नवस केला होता. हे कुठल्या कलमाने शिकवलं नाही.

नाझ_मिरजकर | मंगळ, दुपारी २.२५
दादा, कुरुंदवाडचा मलाही अभिमान आहे. पण हल्ली अशा गोष्टींची मला थोडी धास्तीच वाटते. त्या सांगून झाल्या की विषय बंद होतो. मशिदीत गणपती बसतो म्हणून कौतुक होतं, आणि कौतुक करणाराच मला फ्लॅट देत नाही. शिवाय त्यात एक अट लपलेली असते. कुर्बानी पुढे ढकलणारा मुसलमान चांगला. एखाद्याने त्याच दिवशी, नियमात राहून, आपल्या जागेत केली तर तो काय वाईट?

कृष्णाकाठ | मंगळ, दुपारी २.४०
पटलं की नाही सांगता येत नाही. पण उत्तरही सुचत नाहीये.

वसईवाला | मंगळ, दुपारी ३.३०
नाझताईंच्या मुद्द्याला धरून. फादर फ्रान्सिस दिब्रिटो ९३ व्या साहित्य संमेलनाचे अध्यक्ष म्हणून २०१९ मध्ये निवडले गेले, तेव्हाचं आठवतंय? आयुष्य मराठीत गेलेला माणूस. 'सुवार्ता' मासिक चालवलं, हरित वसईसाठी गुंडांशी दोन हात केले. तरी धर्मगुरू अध्यक्ष कसा, म्हणून विरोध आणि धमक्या. जानेवारी २०२० मध्ये उस्मानाबादला संमेलन झालं, प्रकृती बरी नसताना फादर आले आणि बोललेही.

त्यांच्या बाजूने लिहिणाऱ्यांचाही एक सूर मला खटकला. "ते कसे आपल्यातलेच आहेत, तुकोबा कसे तोंडपाठ" वगैरे. समजा एखाद्या ख्रिस्ती लेखकाला तुकोबा आवडत नसते तर? आम्ही वसईचे कॅथलिक घरात सामवेदी म्हणजे कादोडी बोली बोलतो, लग्नात लुगडं नेसतो, चर्चमध्ये मराठीत मिस्सा ऐकतो. हे सगळं सिद्ध करून दाखवल्यावरच जागा मिळायची असेल तर ती मला भाड्याचीच वाटते.

झोपमोड | मंगळ, सायं. ५.१०
सगळे गोड गोड बोलतायत म्हणून कडू विषय काढतो. भोंगा. माझ्या एका बाजूला मशीद, दुसऱ्या बाजूला मंडळ, मागे साईभंडारा. पहाटे पाच आणि रात्री अकरा, मधल्या वेळात मी सहिष्णू.

काळी_मैना | मंगळ, सायं. ५.१८
:) :) याला म्हणतात सर्वधर्मसमभाव.

अॅड_आजी | मंगळ, सायं. ५.५०
झोपमोड, यावर तरी कायदा स्वच्छ आहे. ध्वनिप्रदूषण नियम २००० चे. निवासी भागात दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबल ही मर्यादा. रात्री १० ते सकाळी ६ लाऊडस्पीकर बंद. वर्षात जास्तीत जास्त १५ दिवस सरकार मध्यरात्रीपर्यंत सूट देऊ शकतं. त्याच वर्षी चेन्नईच्या एका चर्चच्या खटल्यात सुप्रीम कोर्टाने म्हटलं की दुसऱ्यांची शांतता मोडून प्रार्थना करा असं कुठलाच धर्म सांगत नाही. जानेवारी २०२५ मध्ये मुंबई उच्च न्यायालयानेही सांगितलं की लाऊडस्पीकर हा कुठल्याही धर्माचा अत्यावश्यक भाग नाही. 'कुठल्याही' म्हणजे डीजेसुद्धा.

बाणेदार | मंगळ, सायं. ६.०५
हे लागू करून दाखवा सगळ्यांना, मी पहिला सही करतो.

झोपमोड | मंगळ, सायं. ६.०७
दुसरी सही माझी. दिवसाच नोंद करतो, रात्री जमत नाही.

म्युनिकचा_बंड्या | मंगळ, रात्री ११.३०
इकडचा अनुभव. जर्मनीत आल्यावर पत्त्याची नोंदणी करायला गेलो तर फॉर्मवर धर्माचा रकाना. मी म्हटलं, झालं, इथेही तेच! नंतर कळलं, चर्चचे सभासद असाल तर आयकराच्या ८ टक्के (बव्हेरियात, बहुतेक राज्यांत ९) चर्च-कर पगारातूनच कापतात. नको असेल तर रीतसर चर्च सोडायचं, आणि लोक सोडतातही. दगडफोड्यांची पाचशेची ओळ इथे सरकार वसूल करतं म्हणा ना, पण नाव काढायची सोय आहे.

गुड फ्रायडेला बव्हेरियात सार्वजनिक ठिकाणी नाचायला बंदी असते. खरंच. १९९५ मध्ये इथल्या घटना न्यायालयाने सरकारी शाळेच्या वर्गात क्रूस लावण्याची सक्ती घटनाबाह्य ठरवली, तर बव्हेरियाने नवा कायदा करून क्रूस बराचसा टिकवला. २०१८ मध्ये सरकारी इमारतींच्या दर्शनी भागात क्रूस लावायचा आदेश काढला. कारण काय दिलं? 'हे धर्माचं नाही, संस्कृतीचं प्रतीक आहे.' काळी_मैनाताई, तुमचं वाक्य जर्मनमध्ये ऐकलंय मी.

काळी_मैना | बुध, सकाळी ७.४०
बंड्या, वाक्य एकच असलं तरी आमच्या आज्यांच्या पाककृती स्पर्धेत बी विंगच्या भाभी शीरखुर्मा करून दुसऱ्या आल्यात. पहिल्या यायला हव्या होत्या, परीक्षक पक्षपाती. असो, मुद्दा पोचला.

फोंडेकर | बुध, सकाळी ९.००
गोंयकार आहे म्हणून थोडा इतिहास. सोळाव्या शतकात पोर्तुगिजांनी साष्टी, बार्देश, तिसवाडीतली देवळं पाडली. लोक रात्रीतून देव घेऊन नदीपार पळाले. मंगेश कुशस्थळीहून प्रियोळला आला, शांतादुर्गा केळशीहून कवळ्याला. इन्क्विझिशन (चर्चचं धर्मन्यायालय) १५६० ते १८१२, मधली काही वर्षं सोडली तर अडीचशे वर्षं. आणि तिचा काच हिंदूंइतकाच, किंबहुना जास्त, नव्याने ख्रिस्ती झालेल्यांना होता. घरी तुळस दिसली, जुना सण पाळला की संशय.

कुंकळ्ळीची देवी अशीच फातर्प्याला गेली. तिच्या परतीच्या वाटेची आठवण म्हणून दरवर्षी 'सांत्र्यो' म्हणजे छत्र्यांचा उत्सव होतो, गुलालाने रस्ता लाल होतो. त्यात बारा वांगडांचे (घराण्यांचे) मान आहेत आणि त्यातली काही घराणी आज कॅथलिक आहेत. धर्म गेला, मान राहिला. कोणी काढून घेतला नाही.

यावर भावुक व्हायचं नसेल तर होऊ नका. मी एवढंच बघतो की सत्ता धर्माच्या हाती आल्यावर पहिला मार कुणाला बसला. आपल्यातल्याच 'पुरेशा पक्क्या नसलेल्या' माणसाला.

दीक्षाभूमी_एक्स्प्रेस | बुध, सकाळी १०.२०
सगळा धागा वाचला. दुसऱ्याचा धर्म सहन करणं यावरच गाडी अडकलीय. आपला धर्म सोडता येणं, हे कुठे गेलं?

बाबासाहेबांनी १९३५ मध्ये येवल्याला सांगितलं, १४ ऑक्टोबर १९५६ ला नागपुरात करून दाखवलं. एकवीस वर्षं विचार करून बदललेला धर्म. आणि त्याची किंमत काय मोजावी लागली? १९५० च्या आदेशानुसार अनुसूचित जातीच्या सवलती फक्त हिंदूंना. शीखांना १९५६ मध्ये मिळाल्या. बौद्धांना केंद्राच्या सवलतींसाठी १९९० उजाडावं लागलं. त्या मधल्या काळात माझ्या आजोबांनी धम्म घेतला, कागदावर मात्र जुनं लिहिलं, कारण काकांचं शिक्षण चालू होतं. घरात त्रिशरण, दाखल्यावर दुसरंच. दलित ख्रिस्ती आणि मुसलमानांना ते अजूनही करावं लागतं. स्वातंत्र्य आहे, पण फी भरून.

अॅड_आजींनी १५(२) मधल्या विहिरी-तलावांचा उल्लेख केला. ते कलम असंच उगवलेलं नाही. चवदार तळं खुलं करण्याचा ठराव महाड नगरपालिकेने १९२४ मध्येच केला होता. प्रत्यक्ष पाणी प्यायला २० मार्च १९२७ लागला, आणि कोर्टात निकाल लागायला १९३७. घोडबंदरी, तुम्ही ठराव कराल हो. तो वापरायला आलेल्या माणसाकडे लोक कसे बघतात ते सांगा नंतर.

अॅड_आजी | बुध, सकाळी ११.००
फार महत्त्वाचं. एक पुरवणी. धर्माच्या आतला धाक मोडायला मुंबई राज्याने १९४९ मध्ये समाजबहिष्कृत करण्यावर बंदी घातली होती. दाऊदी बोहरांच्या धर्मगुरूंनी आव्हान दिलं आणि १९६२ मध्ये सुप्रीम कोर्टाने चार विरुद्ध एक मतांनी तो कायदा रद्द केला, धर्मसंस्थेचं स्वातंत्र्य म्हणून. म्हणजे संस्थेचं स्वातंत्र्य जिंकलं, माणसाचं हरलं. पुढे जातपंचायतींचे प्रकार गाजल्यावर महाराष्ट्राने सामाजिक बहिष्काराविरुद्ध वेगळा कायदा केला, तो २०१७ मध्ये लागू झाला. तीन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड किंवा दोन्ही.

आणि बाणेदार, १९८६ चा केरळचा खटला जरूर वाचा. यहोवाचे साक्षीदार या छोट्या पंथातली तीन मुलं शाळेत राष्ट्रगीताला ताठ उभी राहत, पण गात नसत. शाळेने काढून टाकलं. सुप्रीम कोर्टाने परत घ्यायला लावलं. त्यांचं न गाणं आपल्याला पटतं का, हा प्रश्नच नव्हता.

बाणेदार | बुध, दुपारी १२.१५
वाचला. मला अजूनही वाटतं की त्या मुलांनी गायला हवं होतं. पण शाळेतून काढणं जास्तच होतं. इथवर येतो, पुढे नाही.

सदू_कोकणे | बुध, दुपारी १२.२०
बाणेदार इथवर आले म्हणजे धाग्याचं सार्थक. स्क्रीनशॉट काढलाय.

घोडबंदरी | बुध, रात्री ९.५०
सगळ्यांचे आभार. दोन दिवस वाचून एक मसुदा केलाय, रविवारी सर्वसाधारण सभेत ठेवतो. फोडून काढा.

हॉल सर्व सभासदांना, कारण कोणतंही असो, अर्ज आणि ठरलेलं भाडं भरून. गणपतीलाही भाडं (इथे बॉम्ब पडणार). धार्मिक कार्यक्रमाची वर्गणी वेगळ्या पावतीवर, ऐच्छिक. मेंटेनन्समधून एक पैसा नाही. लाऊडस्पीकर रात्री १० ला बंद. एका गटाला महिन्यात दोनच कार्यक्रम, म्हणजे 'दर शुक्रवारी'वाल्यांनाही उत्तर मिळालं आणि रोज हरिपाठ करणाऱ्यांनाही. हॉलमध्ये स्वयंपाक नाही, बाहेरून आणायचा. शाकाहारी-मांसाहारी यावर नियमात अक्षर नाही, साफसफाईचं डिपॉझिट मात्र सगळ्यांना सारखं.

काळी_मैना | बुध, रात्री १०.०५
गणपतीला भाडं? तुम्ही पुढच्या वर्षी सेक्रेटरी नसाल.

घोडबंदरी | बुध, रात्री १०.०७
ताई, तोच तर छुपा हेतू.

दगडफोड्या | बुध, रात्री १०.१५
ऐच्छिक वर्गणी मान्य. पण ऐच्छिक म्हणजे न देणाऱ्यांची नावं लिफ्टमध्ये लावायची नाहीत, हेही लिहा. आमच्याकडे लावतात.

नाझ_मिरजकर | बुध, रात्री १०.३०
एक शंका. मसुद्यात 'सर्व सभासदांना' लिहिलंय. ते बी विंगचं कुटुंब सभासद आहे की भाडेकरू?

घोडबंदरी | बुध, रात्री १०.४१
भाडेकरू. हे कमिटीत कोणाच्याच लक्षात आलं नाही. की एखाद्याच्या आलं होतं आणि तो गप्प बसला, माहीत नाही. 'रहिवासी' करतो.

अॅड_आजी | गुरू, सकाळी ६.२०
नुसतं 'रहिवासी' घालून भागणार नाही. डिपॉझिट बुडालं तर वसुली मालकाकडूनच करता येईल, म्हणून अर्जावर मालकाची हमी घ्या. पण गरब्यासाठी अर्ज करणाऱ्या भाडेकरूंकडूनही तीच घ्या. मसुदा मला पाठवा, रविवारच्या आधी बघून देते.